लष्कराच्या भाकऱ्या आणि क्लॅनचा लीडर

पत्र:

ताई, मी २६ वर्षांचा आहे, मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाईल गेममध्ये आमचा एक मराठी क्लॅन, म्हणजे खेळाडूंचा गट आहे, त्याचा मी तीन वर्षं लीडर आहे. ४६ जण होतो, आता ३४ उरलोय. वॉरमध्ये, म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी लढाईत, कोणी अटॅकच करत नाही. क्लॅन मेल टाकतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टॅग करतो, सगळे 'हो भावा' म्हणतात आणि वॉर संपते तेव्हा दहा-बारा अटॅक तसेच पडलेले असतात. मी सकाळी ८ ला दुकानात जायच्या आधी वॉर लावतो, समोरच्यांचे बेस, म्हणजे त्यांची गावं बघतो, कोणी कोणाला मारायचं ते लिहून देतो. मागच्या महिन्यात लीगमध्ये, म्हणजे दर महिन्याच्या सात दिवसांच्या स्पर्धेत, आमच्यातल्या एका काकांनी दोन दिवस अटॅक मिस केले. ट्रक चालवतात ते, चार वर्षं क्लॅनमध्ये होते. अटॅकला स्टार मिळतात, आमचं वरच्या लीगमध्ये प्रमोशन एका स्टारने गेलं. मी रागात रात्रीच त्यांना किक केलं, क्लॅनमधून काढलं, सकाळी उठून बघतो तर त्यांच्यामागे अकरा जण निघून गेलेले. बोनस मेडल, म्हणजे लीगचं जादा बक्षीस, मी को-लीडरनाच, माझ्या हाताखालच्यांनाच देतो कारण तेच काम करतात, आता त्यावरूनही लोक बोलतात. आई म्हणते एवढं डोकं पोटापाण्यासाठी लाव. मी चुकलो का? क्लॅन बंद करू का?
– वैतागलेला लीडर, इचलकरंजी

उत्तर:

अरे वैतागलेल्या लीडरा, तुझं पत्र वाचून मी सगळ्यात आधी काय केलं माहितीये, बोटं मोजली. सकाळी ८ ला वॉर लावतोस. तयारीचे २३ तास, मग लढाईचे २४, झाले ४७. म्हणजे तुझी प्रत्येक वॉर परवा सकाळी ७ ला संपते. आता मला सांग, सकाळी ७ ला कोण जागं असतं, आणि जागं असलंच तर आंघोळीला नंबर लावलेला असतो, डबा भरायचा असतो, पोरांना रिक्षात बसवायचं असतं, त्या वेळी ड्रॅगन कुठून सोडायचे याचा विचार कोण करणार. आपली माणसं कशी आहेत तुलाही माहितीये, लाइटचं बिल शेवटच्या तारखेला, परीक्षेचा फॉर्म शेवटच्या तासाला, मग अटॅक काय पहिल्या तासात करणारेत का. शेवटच्या दोन तासातच करणार. आणि ते शेवटचे दोन तास तू पहाटे ५ ते ७ ठेवलेस. लोक आळशी आहेत की नाहीत ते नंतर बघू, आधी वॉर रात्री १० ला लाव. ती बरोबर परवा रात्री ९ ला संपेल, सगळ्यांची जेवणं व्हायच्या सुमाराला, हातात मोबाईल असतोच. निम्मे अटॅक तर एवढ्यानेच वाढतील, बघच तू.

हे मी तुला एवढ्या तोऱ्यात सांगतेय कारण मीही हा उद्योग सहा वर्षं केलाय. माझ्या भाच्याचा क्लॅन होता, बारावीच्या वर्षी त्याने मोबाईल आईच्या ताब्यात दिला आणि लीडरशिप माझ्या गळ्यात टाकली, म्हणाला मावशी फक्त जूनपर्यंत सांभाळ. तो जून काही आला नाही. क्लॅनमधल्या पोरांना वर्षभर मी 'दादा'च वाटत होते, व्हॉइस मेसेज टाकला त्या दिवशी चॅटमध्ये दहा मिनिटं कोणी काही बोललंच नाही.

आणि त्या सहा वर्षांत मी तुझ्यासारखीच चिडचिड केलीये म्हणून तुझा राग कळतो. बेस बघ, टार्गेट लिही, कोणाच्या क्लॅन कॅसलमध्ये, म्हणजे इतरांनी दिलेलं सैन्य ठेवायच्या किल्ल्यात, सैन्य नाही ते शोध, भर, मग कोणीतरी थेट समोरच्या सगळ्यात तगड्या नंबर एकवर जाऊन शून्य स्टार घेऊन येतो आणि वर 'सॉरी भावा चुकून दाबलं गेलं'. याला आपल्याकडे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात आणि ती म्हण काय उगाच आलेली नाही. पण एक लक्षात घे, तू एकटा भाकऱ्या भाजत नाहीयेस. ते ४६ जणही फुकटच आले होते. काका दिवसभर गाडी हाकून रात्री ढाब्यावर खाटेवर पडल्यापडल्या तुमच्यासाठी अटॅक करायचे, त्यांना त्याचे कोणी पैसे देत होतं का. तुझ्या दुकानात शेठ पगार कापू शकतो म्हणून तू वेळेवर जातोस. इथे तू काय कापणार? किक हे एकच हत्यार आहे तुझ्याकडे, आणि किक केलेल्या माणसाला दोन मिनिटांत दुसरा क्लॅन मिळतो, त्याचं गाव, त्याचे हिरो, त्याच्या भिंती सगळं त्याच्याबरोबरच जातं. नुकसान त्याचं शून्य. तुझी मात्र बारा माणसं गेली.

म्हणून मुकादमासारखं हाकणं सोड, ते इथे लागूच पडत नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि यावर मी जरा जास्त बोलणारे. तू लिहिलंयस सगळे 'हो भावा' म्हणतात. हाच तुझा रोग आहे. अटॅक मिस होणं हे नुसतं लक्षण. मराठी माणसाला 'नाही' म्हणता येत नाही रे. लग्नाला येणार का, 'बघतो'. उसने पैसे कधी देणार, 'करतो काहीतरी'. शनिवारी सोसायटीच्या मीटिंगला, 'येतो येतो, तुम्ही व्हा पुढे'. हे सगळे नाहीच असतात पण समोरच्याचं मन दुखवायचं नाही म्हणून हो सारखे दिसतात. तू ग्रुपवर सगळ्यांसमोर टॅग करून विचारतोस, वॉरला आहेस ना? तो काय म्हणणार, हो भावा. त्याची उद्या नाइट शिफ्ट आहे, बायको माहेराहून येणारे, फोनची स्क्रीन फुटलीये, काहीही असेल, पण पंचवीस जणांसमोर नाही म्हणणं म्हणजे गद्दारी केल्यासारखं वाटतं. मग तो हो म्हणतो आणि येत नाही. आणि तू त्याच्या 'हो'वर पंधरा जणांची वॉर उभी करतोस.

मी पुण्यात ढोल-ताशा पथकात होते चार वर्षं, नदीपात्रात सराव चालायचा. तिथे पण सगळे फुकट, उलट स्वतःचा कुर्ता स्वतःच्या पैशाने शिवायचा. आमचा पथकप्रमुख फार बोलायचा नाही पण त्याची एक सवय होती, सरावाच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायचा, विसर्जनाच्या दिवशी तू कधी नसणार आहेस ते सांग. कधी असणार ते नाही विचारायचा हां, कधी नसणार ते. एका मुलीने सांगितलं दुपारी ४ नंतर मी नाही, आजीला एकटं सोडता येत नाही. तो म्हणाला बरं, मग तू पहिल्या टप्प्यात. झालं. तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही आणि ४ वाजता तिचा ढोल कोणाच्या कमरेला जाणार ते आधीच ठरलेलं होतं. आणि दुसरा एक होता, येतो येतो म्हणणारा, मिरवणुकीच्या सकाळी त्याचा फोन बंद. त्या दिवशी मला कळलं की पंधरा दिवस आधी 'मी येणार नाही' म्हणणारा माणूस ऐनवेळी गायब होणाऱ्या दहा हौशी लोकांपेक्षा भारी असतो.

तर तुझं लीडर म्हणून खरं काम बेस बघणं वगैरे नाही, ते कोणीही करेल. तुझं काम म्हणजे लोकांना नाही म्हणायची सोय करून देणं. इज्जत न जाता. आणि गेमने ती सोय आधीच दिलीये, तू वापरत नाहीयेस इतकंच. प्रत्येकाच्या प्रोफाइलवर वॉरसाठी हिरवं-लाल करायची सोय आहे ना, हिरवं म्हणजे खेळणार, लाल म्हणजे नाही. आजच्या आज एक मेल टाक की लाल ठेवायला कारण सांगायची गरज नाही, लाल ठेवलं म्हणून कोणाचं एल्डरचं, म्हणजे को-लीडरच्या खालचं, पद काढलं जाणार नाही, आणि लाल असलेल्याला मी वॉरमध्ये घेणार नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण लीडरला लाल माणूसही वॉरमध्ये ओढता येतो आणि मला दाट शंका आहे की तू तेच करतोस, आकडा भरायला. नको करूस. एकदा जरी लालवाल्याला ओढलंस तर पुढच्या वेळी लाल करण्यात काय अर्थ आहे असं तो म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार.

मग तू म्हणशील ताई असं केलं तर नऊच जण हिरवे राहतील. राहू देत की. वॉर पाच जणांचीही लागते, पाच, दहा, पंधरा. ३४ माणसं आहेत म्हणून ३० ची वॉर लावली पाहिजे असं कुठे लिहिलंय. नऊ हिरवे असतील तर पाचची लाव, अकरा असतील तर दहाची. दहा जणांच्या वॉरमध्ये प्रत्येकी दोन, असे वीसच्या वीस अटॅक झाले ना की चॅटमध्ये वेगळीच हवा येते, लोक एकमेकांचे रिप्ले बघायला लागतात, लालवाले दोघं-तिघं आपणहून हिरवे होतात. याउलट ३० च्या वॉरमध्ये बारा अटॅक पडून राहिले की जे मन लावून खेळले त्यांनाच मूर्ख बनल्यासारखं वाटतं, आणि आधी सोडून जातात ते नेमके हेच.

लीगचं गणित जरा वेगळं आहे, ते नीट बघ. सात दिवस, रोज १५ जण, प्रत्येकाला रोज एकच अटॅक. म्हणजे आठवड्याभरात १०५ जागा. तू काय केलंस, चांगले वाटले ते १५ घेतलेस आणि सातही दिवस तेच ठेवलेस, हो ना? सात दिवस सलग रोज न चुकता, हे नोकरदार माणसाला, संसारी माणसाला, ट्रकवाल्याला जमणारच नाही. एक दिवस तरी काहीतरी येतंच. त्याऐवजी २१ जणांची नावं घाल. १०५ भागिले २१, प्रत्येकाला बरोबर पाच दिवस, दोन दिवस सुट्टी. आणि मेडलचं म्हणशील तर आठ स्टार झाले की त्या माणसाची मेडल पूर्ण होतात, पाच अटॅकमध्ये आठ स्टार व्हायला काही फार दिवे लावावे लागत नाहीत, दोन-दोन स्टारचे चार अटॅक झाले तरी बास. मग पहिल्या दिवशीच विचार, तुमचे कुठले दोन दिवस नकोत. आमच्या पथकप्रमुखासारखं. कोणी सांगेल बुधवारी मार्केट असतं, कोणी सांगेल शुक्रवारी शिफ्ट, काका सांगतील मी दोन दिवस घाटात असतो, रेंज नाही. लिहून घे वहीत. फक्त एक लक्षात ठेव, उद्याच्या लढाईचं लाइनअप आजच, तयारीच्या दिवशीच बदलावं लागतं, लढाई सुरू झाली की काही करता येत नाही. त्यामुळे रोज एकदा, एकच ठरलेली वेळ ठेव, दुकान बंद केल्यावर म्हण, पाच मिनिटं बसायचं, नावं बदलायची, उठायचं.

आता खरं सांग, काकांनी दोन अटॅक मिस केले तेव्हा ते गाडीवर आहेत हे तुला माहीत नव्हतं का? तुझ्या पत्रातच आहे 'ट्रक चालवतात'. पहिल्या दिवशी मिस झाला तेव्हाच पुढच्या लाइनअपमधून त्यांना काढून दुसरा घालणं निदान तिसऱ्या दिवसासाठी तरी तुझ्या हातात होतं, तू ते न करता लीग संपल्यावर हिशोब लावलास. एका स्टारने प्रमोशन गेलं म्हणतोस, पण त्या सात दिवसांत काकांचे दोन सोडले तरी बाकीचे शंभरावर अटॅक होते, त्यातले दोन-दोन स्टारवर अडकलेले किती होते, ९८ टक्क्यांवर थांबलेले किती होते? तुझा स्वतःचा एखादा असेलच. तो एक स्टार काकांच्याच नावावर का टाकायचा, कारण ते जाब विचारणार नाहीत म्हणून?

लागलं असेल तर लागू दे थोडं.

बोनसचं. तू हे अगदी शेवटी, जाताजाता लिहिलंयस पण मला वाटतं अकरा जण काकांमुळे गेलेच नाहीत, ते बोनसमुळे आधीच अर्धे बाहेर होते, काका निमित्त झाले. को-लीडर काम करतात म्हणून त्यांना बोनस, ठीक आहे, पण ते काम बाकीच्यांना दिसतं का? दिसतो तो स्कोअर. एका पोराने सात दिवसांत सगळ्यात जास्त स्टार आणले आणि बोनस गेला लीडरच्या मित्राला, तर त्याने काय समजायचं. आपल्या मंडळांमध्ये वर्गणीचा हिशोब फळ्यावर लावतात ना, का लावतात? कोणी चोर असतो म्हणून नाही, कोणी बोलू नये म्हणून. तसंच कर. लीग सुरू व्हायच्या आधीच लिही की बोनस कसा देणार. माझा नियम साधा होता, जितक्या वेळा घेतलं तितक्या वेळा ज्याने अटॅक केला त्यांच्यात जास्त स्टारवाले पुढे, आणि मागच्या महिन्यात मिळालेला या महिन्यात रांगेत मागे. को-लीडर असला तरी तोच नियम आणि लीडर सगळ्यात शेवटी. मला सहा वर्षांत बोनस तीनदा मिळाला असेल. त्याबद्दल एकदाही भांडण झालं नाही, भांडणं झाली ती 'माझी बाई झोपली होती तरी तुम्ही हल्ला का लावला' असल्या गोष्टींवरून, बाई म्हणजे आर्चर क्वीन, अपग्रेडला टाकलेली.

क्लॅन गेम्ससाठी, म्हणजे सगळ्यांनी टास्क करून गुण जमवायचे असतात त्यासाठी, पण तू असाच सगळ्यांच्या मागे लागत असशील तर ते सोडून दे. शेवटचं बक्षीस ५०,००० गुणांना असतं, एकाला सहसा ४,००० पर्यंत करता येतात, म्हणजे तेरा जणांनी पूर्ण केले तरी काम झालं. बाकीच्यांनी दोन टास्क केले तरी त्यांना बक्षीस मिळतंच म्हणून तू चिडतोस ना? चिडू नकोस. मंडळाच्या प्रसादाला वर्गणी न देणारेही येतातच.

को-लीडर मात्र कमी कर. किती आहेत ते तू लिहिलं नाहीस, 'को-लीडरनाच' म्हणतोस म्हणजे पाच-सहा तरी असतील. हे पद आपण मोठेपणा म्हणून वाटतो आणि विसरतो की त्या माणसाला लीडर आणि बाकीचे को-लीडर सोडून एल्डरसकट सगळ्यांना किक करता येतं. माझ्याकडे एकाचं त्याच्या गर्लफ्रेंडशी भांडण झालं, दोघंही आमच्याच क्लॅनमध्ये, आणि त्याने रात्री दोन वाजता अठरा जण उडवले. सकाळी मी चहा ठेवून मोबाईल उघडला आणि चहा उतू गेला. दोन ठेव, फार तर तीन, आणि ठरव की किक करायच्या आधी निदान दोघांनी बोलायचं, आणि रात्री ११ नंतर कोणालाच किक करायचं नाही, तू सुद्धा नाही. सकाळपर्यंत वाट बघितली तर काही बिघडत नाही. त्या रात्री तू झोपला असतास तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

क्लॅन बंद करू का विचारलंस. बंद कशाला, ३४ जण अजून आहेत, ते का राहिलेत हे एकदा त्यांना विचार तरी. पण तू स्वतः एक महिना लीडरशिप दुसऱ्याकडे देऊन साधा मेंबर हो, असं मी गंभीरपणे सुचवतेय. फक्त ज्याच्याकडे देशील तो परत देईल असा बघून दे. मेंबर होऊन अटॅक कर, सैन्य डोनेट कर, आणि बघ दुसऱ्याचा मेल आल्यावर तुला कसं वाटतं. मी असं एकदा केलं होतं, दिवाळीच्या महिन्यात, आणि त्या महिन्यात माझे स्वतःचे चार अटॅक मिस झाले. नवीन लीडरने मला एक शब्द विचारला नाही, फक्त पुढच्या वॉरमध्ये घेतलं नाही. मला इतकं बरं वाटलं ना.

आईचं म्हणशील तर तिला हा गेम हेलसिंकीतल्या कुठल्या कंपनीने २०१२ मध्ये काढला आणि जगभर लोक खेळतात वगैरे सांगत बसू नकोस, तिला त्याच्याशी घेणंदेणं नाही. ती बघते की पोरगं जेवताना मोबाईलमध्ये बघून कपाळाला आठ्या घालतं. तू जेवताना मोबाईल लांब ठेव, एवढ्याने तिचं निम्मं बोलणं थांबेल. आणि पोटापाण्यासाठी डोकं लाव म्हणते तेही अगदीच चूक नाही, पण ३४ जणांची शिफ्ट आणि सुट्ट्या सांभाळायला जमलं तर उद्या स्वतःचं मेडिकल टाकशील तेव्हा उपयोगी पडेल, हे मात्र तिला खुशाल सांग.

राहिले काका. त्यांना मेसेज टाकू नकोस, फोन कर. गाडीवर असतील तर उचलणार नाहीत, थांबले की स्वतःच करतील. स्टारचं, प्रमोशनचं काही काढायचं नाही, 'तुम्ही पण सांगायला हवं होतं' हे तर अजिबात नाही, तसं म्हणालास तर फोन न केलेलाच बरा. एवढंच म्हण, काका, मी रागात तुम्हाला काढलं, विचारलं पण नाही, चुकलं माझं, यायचं असेल तर इन्व्हाइट पाठवतो आणि नाही आलात तरी राग नाही. मग गप्प बस, त्यांना बोलू दे, शिव्या घातल्या तर ऐकून घे, चार वर्षांच्या आहेत. आले परत तर लगेच वॉरमध्ये घालू नकोस, स्वागताचा मोठा मेल पण नको, त्यांना लाजल्यासारखं होईल. चॅटमध्ये नुसती ट्रूप्सची, सैन्याची रिक्वेस्ट टाक, आधी टाकायचास तशीच. ते भरतील.